मोरचुदाचा चेहरा : एका व्यक्तिचित्राचं प्रकरण

प्रकरण एका तैलचित्राचं आहे. तीन फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास आणि त्यावर साठीकडे झुकलेल्या एका बाईचा चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत मोरचुदी निळा-हिरवा रंग, पॅलेट नाइफने ओढलेला, जागोजागी खरवडलेला. डोळ्यांच्या जागी गडद खाचा, त्यातला एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली. ओठ विटकरी लाल. चित्रातली बाई पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, द्राक्षबागेत रोजाने काम करणारी. चित्र काढणारी निफाड तालुक्यातल्या बागायतदाराची मुलगी, चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेऊन आता नाशिक शहरात राहणारी. गंगापूर रोडवरच्या एका दालनात तिचं प्रदर्शन लागणार होतं. चित्रं टांगणं, यादी, माहितीफलक ही जबाबदारी माझ्याकडे होती. उद्घाटनाच्या आधी आणि नंतर या एका चित्रावरून जे घडलं, ते इथे सविस्तर नोंदवतो आहे. संबंधित तिघींनी नाव-गाव न घालण्याच्या अटीवर होकार दिला. म्हणून चित्रकर्तीला चित्रकर्ती, चित्रातल्या बाईंना मावशी आणि त्यांच्या नातीला नात एवढंच म्हणतो.

अभिव्यक्तिवादी चित्रकार चेहरा मोडतो, रंग बदलतो, तेव्हा तो समोरच्याचं रूप सांगत नसतो, स्वतःच्या आत काय उसळलं ते सांगत असतो, असं आपण वर्गात शिकवतो. ते खरंही आहे. पण समोरचा माणूस ज्या समाजाचा आहे त्या समाजाकडे लोक आधीपासूनच परका म्हणून बघत असतील, तर ती मोडतोड चित्रकाराच्या खात्यावर जमा होत नाही. ती थेट त्या माणसाच्या नावावर चढते. नाशिकच्या या प्रकरणात हे मला डोळ्यांसमोर घडताना दिसलं, आणि कलाशिक्षणात याबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही याची मला मनापासून खंत आहे.

चित्रं कुठून आली

द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला मोरचुदाचा रंग वेगळा सांगावा लागत नाही. केवडा या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाला आळा घालायला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. पानं, ओलांडे, तारा, लोखंडी अँगल, मजुरांच्या बाह्या, सगळ्यावर ती निळसर झाक बसते आणि कितीतरी दिवस जात नाही. चित्रकर्तीच्या लहानपणाचा रंग तोच. प्रशियन ब्लू, व्हिरिडियन आणि पांढरा यांच्या मिश्रणातून तिने तो घडवला आणि गेली काही वर्षं ती प्रत्येक चेहऱ्यात तो वापरते आहे. रंग कुठून आला हे तिला नेमकं माहीत होतं. परदेशी पुस्तकात बघून उचललेला तो रंग नव्हता.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत माणसांची वर्दळ वाढते. शेंडे खुडणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या) द्रावणात बुडवणं ही हातांची कामं, आणि त्यातली बरीचशी बायकांची. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी उभं राहून रोज ठरवणारे मजूर वेगळे, आणि मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर बागेच्या कडेला झोपडी टाकून राहणाऱ्या टोळ्या वेगळ्या. मावशी दुसऱ्या प्रकारातल्या. त्याच बागेत त्या बरीच वर्षं येत होत्या, चित्रकर्तीला शाळेच्या गणवेशात असल्यापासून ओळखत होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांची चारकोलची रेखाटनं करायची, मोबाइलवर फोटो घ्यायची, आणि पुढचं काम शहरातल्या स्टुडिओत. ताई चित्रं काढतात हे टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्ण झालेलं तैलचित्र मात्र त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

याच मालिकेत तिने घरच्यांचीही चित्रं केली होती. तोच रंग, तीच सुरी, तेच खाली सरकलेले डोळे. आईच्या चेहऱ्यावरची मोडतोड तर मावशींपेक्षा जास्त होती, जबड्याचा अर्धा भाग तिने पुसूनच टाकला होता. म्हणजे मजुरांना एक न्याय आणि घरच्यांना दुसरा, असा हिशेब तिच्या हातात नव्हता.

यादीत मात्र होता. तिने पाठवलेल्या यादीत ‘आई’, ‘अण्णा’, ‘दादा, हिशेब करताना’, ‘मी’ अशी चार शीर्षकं होती आणि पुढे ‘मजूर स्त्री १’ पासून ‘मजूर स्त्री ७’ पर्यंत. मी याबद्दल विचारलं तेव्हा तिने दिलेलं उत्तर मला विचार करायला लावणारं वाटलं. नाव घातलं तर त्या बाईची गरिबी नावानिशी भिंतीवर जाते, बघणारे फोटो काढतात, ते कुठेही फिरतात, निनावी ठेवणं हाच त्यांचा आडोसा आहे, असं तिचं म्हणणं. हे खोटं नाही. वृत्तपत्रांतल्या दुष्काळाच्या छायाचित्रांबद्दल आपण हाच आग्रह धरतो. तरी दोन प्रकारच्या शीर्षकांमधली ती दरी मला बोचत राहिली, आणि नावांचा निर्णय आम्ही टांगणीपर्यंत उघडा ठेवला.

नात

निमंत्रणपत्रिकेवर ‘मजूर स्त्री ४’ होतं. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरली आणि नाशिकमध्येच नर्सिंग शिकणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन दालनात आली. आम्ही भिंतीवर खिळ्यांच्या खुणा करत होतो.

“मॅडम, ही माझी आजी आहे.”

चित्रकर्तीला आनंद झाला. तिने हातातलं काम टाकलं, चित्र उजेडात आणलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

“आजारी दिसते. विष प्यायल्यासारखी.”

चित्रकर्तीने मोरचुदाबद्दल सांगितलं, लहानपणाबद्दल सांगितलं. मग ती तिला आईच्या चित्रासमोर घेऊन गेली आणि म्हणाली, बघ, माझ्या आईलाही मी असंच रंगवलंय. मुलगी बराच वेळ दोन्हींकडे बघत होती. मग जे बोलली ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं.

“तुमच्या आईचं चित्र बघून कुणी म्हणणार नाही की बागायतदारांच्या बायका अशाच असतात. माझ्या आजीचं बघून म्हणतील, आदिवासी बाया अशाच असतात. आणि तुमची आई ‘आई’ आहे. माझी आजी चार नंबर.”

चित्र उतरवा, एवढीच तिची मागणी होती. आवाज चढलेला नव्हता. वसतिगृहात आपण कुठल्या गावच्या हे सांगायला आपल्याला अजून अडखळायला होतं, हेही तिने सांगितलं. आजीचा तो चेहरा पत्रिकेवर बघून वर्गातल्या कुणीतरी काहीतरी बोललं होतं. काय ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तिच्या बोलण्यात किती तथ्य आहे हे पुढच्या दोन दिवसांत आम्हाला आयतंच दिसलं. टांगणी चालू असताना ओळखीची माणसं डोकावत होती. ‘आई’समोर उभं राहून ती चित्रकर्तीला विचारत, घरी काही बिनसलं होतं का, तू त्या काळात फार एकटी होतीस का. म्हणजे मोडलेला जबडा बघून त्यांना चित्रकर्तीचं मन दिसत होतं. तीच माणसं चार पावलं पुढे जाऊन मावशींच्या चित्रासमोर म्हणत, काय हाल आहेत या लोकांचे. तिथे चित्रकर्तीच्या मनाबद्दल कुणीही विचारलं नाही. रंग तोच होता, हातही तोच होता. पहिल्या चित्रात तो भाव ठरला आणि दुसऱ्यात तो पुरावा ठरला.

नाशिकचा प्रेक्षक यात वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. या शहराची नजर निसर्गचित्रांवर घडली. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदेचे घाट, देवळं, जुने वाडे जागेवर बसून रंगवले आणि पिढ्यान्‌पिढ्या ती शिस्त विद्यार्थ्यांना दिली. त्या परंपरेत चित्र समोरच्या वस्तूशी प्रामाणिक असतं. तशा नजरेने हिरवा चेहरा बघितला की तो खरंच हिरवा पडलाय असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की ही नजर आईच्या चित्रापुढे का बदलली.

आधी हे कुठे घडलं होतं

हा पेच नवा नाही, आणि तो समजून घ्यायला जर्मनभाषक जगातली दोन चित्रं शेजारी ठेवावी लागतात, दोन्ही १९१० ची. पहिलं ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कार कोकोश्काने काढलेलं ऑगस्त फोरेल यांचं. फोरेल हे स्वित्झर्लंडमधले नामवंत मनोविकारतज्ज्ञ आणि मुंग्यांचे अभ्यासक. वास्तुकार आडोल्फ लोस यांनी मध्यस्थी करून हे चित्र जुळवून आणलं होतं. कोकोश्काने त्यांचे हात आखडलेले, नजर विझत चाललेली दाखवली. फोरेल यांना आणि घरच्यांना ते पटलं नाही, त्यांनी चित्र घेतलं नाही. पुढे त्यांना खरंच पक्षाघाताचा झटका आला, आणि चित्रकाराला भविष्य दिसलं अशी आख्यायिका झाली. ही आख्यायिका सगळे सांगतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की फोरेल नाही म्हणू शकले. त्यांचा नकार इतिहासात नोंदला गेला. चित्र आज मानहाइमच्या संग्रहालयात आहे आणि त्यावर त्यांचं नाव आहे.

दुसरं चित्र एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं. किर्शनर १९०५ मध्ये ड्रेस्डेनला स्थापन झालेल्या ‘डी ब्र्युके’ या अभिव्यक्तिवादी चित्रकारांच्या गटाचा संस्थापक सदस्य. कोरीव खुर्चीपुढे बसलेल्या फ्रेन्झी नावाच्या मुलीचं हे चित्र आता माद्रिदमध्ये आहे. चेहरा हिरवा आणि ओठ भडक लाल. आमच्या दालनातल्या चित्राशी त्याचं साम्य चित्रकर्तीनेच मला दाखवलं. फ्रेन्झी गरीब घरातली, तेव्हा दहा वर्षांच्या आसपासची. या गटातल्या चित्रकारांनी तिची अनेक चित्रं काढली. लिना फ्रांझिस्का फेहरमान हे तिचं पूर्ण नाव अभ्यासकांना सापडायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. तिला ती चित्रं कशी वाटली हे कुणी विचारल्याची नोंद नाही. फोरेल आणि फ्रेन्झी यांच्यामधलं अंतर शैलीचं नाही. एकाला नाही म्हणण्याची जागा होती आणि दुसरीला ती नव्हती.

याच गटातल्या मंडळींना मानवी चेहरा मुखवट्यासारखा करायचा धडा कुठून मिळाला तेही लक्षात ठेवायला हवं. ड्रेस्डेनच्या मानववंश संग्रहालयात वसाहतींतून आणलेल्या वस्तू होत्या, पलाऊ बेटांवरच्या कोरीव तुळया होत्या. किर्शनर त्या बघत असे. एमिल नोल्डे तर १९१३ मध्ये थेट जर्मन न्यू गिनीला गेला आणि तिथल्या लोकांची जलरंगात चित्रं काढली. ज्यांना युरोप रानटी म्हणत होता त्यांच्या कलेतून या चित्रकारांनी जोर घेतला, पण ती माणसं स्वतः त्यांच्या चित्रात बहुधा नावाशिवायच आली.

आणि मग तेच शस्त्र या चित्रकारांवर उलटलं. १९२८ मध्ये पाउल शुल्त्से-नाउमबुर्ग या वास्तुकाराने आधुनिक व्यक्तिचित्रं आणि आजारी, व्यंग असलेल्या माणसांची छायाचित्रं शेजारी-शेजारी छापली आणि ही चित्रं म्हणजे वंशाच्या ऱ्हासाचा पुरावा, असं मांडलं. मोडलेला चेहरा भाव म्हणून न वाचता शरीराचा पुरावा म्हणून वाचायचा, ही ती युक्ती. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला भरवलेल्या ‘विकृत कला’ प्रदर्शनामागे हाच विचार होता. नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, तरी त्याची हजारावर चित्रं संग्रहालयांतून जप्त झाली. नातीचं वाक्य ऐकल्यावर मला हा सगळा इतिहास आठवला. पुरावा म्हणून वाचला जाण्याची भीती ज्या समाजाला रोज असते, त्याला ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही.

आजच्या चित्रकारांनी या पेचातून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली आणि नेदरलँड्समध्ये राहणारी मार्लेन द्युमा छायाचित्रांवरूनच काम करते. नव्वदीच्या सुरुवातीला तिने कृष्णवर्णीय माणसांचे शंभरावर चेहरे शाईत काढून एकाच भिंतीवर मांडले, आणि प्रत्येक चेहरा दुसऱ्याहून इतका वेगळा की ‘ते लोक’ म्हणायला जागाच उरत नाही. लंडनची लिनेट यिआडोम-बोआके मॉडेलच वापरत नाही, तिच्या चित्रांतली सगळी माणसं कल्पनेतली. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात डेना शुट्झच्या चित्रावरून वाद झाला. १९५५ मध्ये मारल्या गेलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा शवपेटीतला चेहरा एका गोऱ्या चित्रकर्तीने जाड रंगात रंगवला होता. चित्र नष्ट करा इथपर्यंत मागणी गेली, संग्रहालयाने ते ठेवलं. आपल्याकडे फ्रान्सिस न्यूटन सूझांनी चेहऱ्यांवर केलेले वार जगाला माहीत आहेत, पण ते बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांवर, धर्मगुरूंवर किंवा स्वतःवर असत. नागपूरच्या सवी सावरकरांनी दलित जीवन, देवदासी यांची चित्रं तितक्याच जोरकस रेषेत काढली. तिथे मोडणारा हात आणि मोडलेला चेहरा एकाच बाजूचे आहेत, म्हणून बघणाऱ्याला ‘त्यांचे हाल’ म्हणून बाजूला सरकता येत नाही.

आमची चित्रकर्ती यातल्या कुठल्याच जागी नव्हती. ती मालकाची मुलगी होती.

गोंदण

दालनाच्या व्यवस्थापकांचं मत होतं, चित्र काढून टाका, कटकट नको. चित्रकर्तीचे मित्र म्हणत होते, आज हे उतरवलं तर उद्या प्रत्येक चित्रावर कुणीतरी हरकत घेईल. नातीची मागणी स्पष्ट होती. मावशींना चित्र दाखवल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नये, असं मी सुचवलं आणि ते तिघांनीही मानलं.

छोट्या टेम्पोत घालून कॅनव्हास बागेवर नेला. नात सोबत होती. शेडमध्ये चित्र उभं केलं, टोळीतल्या बायका जमल्या. मावशींनी पदराला हात पुसले, जवळ आल्या, मग बाजूने बघितलं, मग लांबून.

“ह्यो डोळा खाली का गेला?”

“त्या दिवशी तुम्ही उन्हाकडे बघून मिटला होता,” चित्रकर्ती म्हणाली.

“बरं.” मग थोड्या वेळाने, “गोंदण कुठंय?”

मावशींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. चित्रकर्तीने रेखाटनांची वही उघडली. प्रत्येक रेखाटनात ते ठिपके होते. कॅनव्हासवर आधी रंगवलेही होते, नंतर सुरीने जाड थर ओढताना ते खाली गेले. चेहरा साधा करत नेताना बारकावे जातातच, असं तिने समजावलं.

“त्ये बारीक नसतं ताई. लुगडं, चांदी, सगळं हितंच राहतं. गोंदण तेवढं संगं येतं.”

हिरव्या रंगावर त्यांची हरकत नव्हती. नातीला हे अनपेक्षित होतं. बोहाड्यात हिरवी-निळी तोंडं असतातच की, असं मावशी म्हणाल्या. पेठ, सुरगाणा आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. गणपती, शारदा, रावण, वेताळ, महिषासुर अशी मुखवट्यांची सोंगं रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. मुखवट्याची आधी पूजा होते, अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं याचे मान ठरलेले असतात. तोंड मोडलेलं, रंग भडक, डोळे बाहेर आलेले, हे मावशींना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी विचारलं ते इतकंच: “तिथं सोंगाला नाव असतंय. हे कुणाचं सोंग?”

मला वाटतं, ड्रेस्डेनच्या संग्रहालयात मुखवटे बघणाऱ्या कुणालाच हा प्रश्न विचारला गेला नव्हता. मुखवट्यांची परंपरा ज्यांच्या घरची आहे, त्यांना चेहऱ्याच्या विरूपणाची भीती नाही. भीती नाव नसण्याची आणि खूण पुसली जाण्याची आहे. नातीची हरकत दुसरी होती, तिला शहराच्या नजरेची धास्ती होती. आजी आणि नात एकाच चित्रात दोन वेगळ्या गोष्टी बघत होत्या आणि माझ्या मते दोघी बरोबर होत्या. आजी जिथे राहते तिथे तिला कुणी परकं म्हणत नाही. नात जिथे शिकते तिथे तिला ते रोज पेलावं लागतं. ‘आदिवासींचा दृष्टिकोन’ असा एकच दृष्टिकोन धरून चालणाऱ्यांनी या शेडमध्ये यायला हवं होतं.

परत निघताना नातीने आणखी एक गाठ दाखवली. “आजी तुम्हाला नाही म्हणेल का? घरच्यांनी उचल घेतलेली आहे.” म्हणून संमती विचारताना चित्रकर्ती, तिचे वडील आणि मी, तिघांपैकी कुणीही हजर राहायचं नाही असं ठरलं. त्या रात्री नात झोपडीवर थांबली आणि त्यांच्या घरच्या बोलीत आजीशी बोलली. सकाळी तिने उत्तर आणलं. हे चित्र लावू नका. दुसरं काढा, गोंदण घाला, मी बसते. त्या दिवसाचा रोज ताईंनी द्यायचा.

दुसरं चित्र

दुसरं चित्र फोटोवरून झालं नाही. मावशी बसल्या, चित्रकर्तीने तिथेच कॅनव्हास लावला. रंग तोच ठेवला, डोळा तसाच खाली ठेवला. गोंदण मात्र तिने वरून रंगवलं नाही. ओल्या थरात ब्रशच्या दांड्याने ठिपके खोदले, खालचा गेरूचा थर उघडा केला. ते ठिपके आता चेहऱ्यावर नाहीत, चेहऱ्याच्या आत आहेत. निव्वळ चित्र म्हणूनही हे पहिल्यापेक्षा सरस झालं असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या चित्रात सुरी सगळीकडे सारख्याच ताकदीने फिरली होती. दुसऱ्यात तिला एका जागी थांबावं लागलं, आणि त्या थांबण्याने बाकीच्या मोडतोडीला अर्थ आला. विरूपण कुठे अडतं यावरून समोरचा माणूस चित्रात शिल्लक आहे की नाही ते कळतं.

नावांचं टोळीतल्या प्रत्येकीला वेगळं विचारलं. काहींनी नाव दिलं, दोघींनी नको म्हटलं, त्यांच्या चित्राला त्यांनी सुचवलेला शब्द दिला. मावशींचं पहिलं नाव फलकावर गेलं, आडनाव आणि गाव नातीच्या सांगण्यावरून वगळलं. घरची आणि बागेतली चित्रं वेगळ्या भिंतींवर न लावता एकाआड एक लावली. ‘मी’ मावशींच्या शेजारी.

इथेही गोष्ट सरळ गेली नाही. अभिप्रायाच्या वहीत एका प्रेक्षकाने मनापासून लिहिलं की यातले मालक कोण आणि मजूर कोण हे ओळखू येत नाही, हेच या प्रदर्शनाचं यश. चित्रकर्ती सुखावली. नात ते वाचून अस्वस्थ झाली. “हे बरोबर नाही. कोण मालक, कोण मजूर हे कळलंच पाहिजे. आजी सहा महिने झोपडीत राहते, तुम्ही फ्लॅटमध्ये.” सगळे चेहरे एका रंगाचे करून त्यांच्यामधला व्यवहारच दिसेनासा झाला होता, हे तिने बरोबर पकडलं. परकेपणा टाळण्याच्या नादात माणसांमधलं खरं नातं पुसणं ही समकालीन कलेतली फार सोयीची पळवाट आहे, आणि ती चांगल्या हेतूने काढली जाते म्हणून जास्त धोक्याची. चित्रकर्तीने फलक बदलले. मावशींच्या नावाखाली एक ओळ आली: ‘आमच्या बागेत विरळणीचं काम करतात.’ ‘अण्णा’खाली आलं: ‘बागेचे मालक.’ ‘मी’खाली तिने लिहिलं: ‘मालकाची मुलगी, या चित्रांची चित्रकर्ती.’ त्यानंतर ‘काय हाल आहेत’ हे वाक्य मावशींच्या चित्रासमोर मला पूर्वीइतकं ऐकू आलं नाही. लोक तीन फलक वाचत आणि परत चेहऱ्यांकडे जात.

विक्री

एका वाइन-रिसॉर्टच्या मालकांना पत्रिकेवरचं पहिलं चित्र हवं होतं, टेस्टिंग रूमच्या भिंतीसाठी. चित्रकर्तीने ते विकायला नकार दिला. मग त्यांनी दुसऱ्याची किंमत विचारली. नातीला ते अजिबात मान्य नव्हतं. लोक पीत बसतील आणि आजी बघत बसेल, असं ती म्हणाली. मावशींनी वेगळंच विचारलं: किती रुपयांना? आकडा ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, द्राक्षाचंच ना ते, मग लागू दे तिथं, माझं किती?

मॉडेलला विक्रीत हिस्सा देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. बसण्याचे पैसे दिले की संबंध संपतो. चित्रकर्तीने एक तृतीयांश देण्याचं कबूल केलं आणि ते साध्या कागदावर मराठीत लिहून घेतलं, नातीने वाचून दाखवलं. त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी आहेत: हे चित्र पत्रिका, लेबल किंवा जाहिरातीत मावशींना विचारल्याशिवाय छापायचं नाही, आणि ते जिथे लागेल तिथे नावाचा फलक ओळीसकट सोबत लागेल. खरेदीदारांना नाव चालत होतं. विरळणीची ओळ नको होती, पाहुण्यांचा मूड जातो असं त्यांनी कळवलं. चित्रकर्तीने ओळ काढली नाही आणि व्यवहार झाला नाही. हिस्सा न मिळाल्याने मावशी नाराज झाल्या, हेही इथे लिहायला हवं. त्यांच्या दृष्टीने ओळीपेक्षा पैसे महत्त्वाचे होते, आणि त्यांना तसं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. ओळीचा आग्रह नातीचा आणि चित्रकर्तीचा होता. पुढच्या वेळी अशी अट घालण्याआधी तिची किंमत कोण मोजणार हे मावशींशी बोलून ठरवायचं, असं कागदात नंतर जोडलं.

चित्रकर्ती आता पुढच्या मालिकेची तयारी करते आहे. नात बसायला तयार झाली आहे, नर्सिंगच्या गणवेशात. तिची अट अशी, की आधी अण्णांनी बसायचं. घरी नाही, बागेत, शेडसमोर, टोळी जेवायला बसलेली असताना, जसे बाकीचे बसले तसे. चित्र पूर्ण झालं की तेही तिथेच उभं करायचं आणि टोळीने काय वाटलं ते सांगायचं. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही.